एकोणसत्तर कोरडी पोती

ती. ओंदीना आत्यास,

तुल्योचा वाकून नमस्कार. तुझ्या नव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण त्याची-माझी अजून ओळख नाही. उदिनेच्या दवाखान्यातलं सूप अगदी पाणी असतं असं शेजारची एर्सिलियाकाकू म्हणते. (तिला काय ठाऊक? ती लग्न होऊन आली त्यानंतर डोंगर उतरलेली नाही. असो.)

जाताना तू बजावलं होतंस, "सेंट निकोलसच्या सणाला मी येईन. तोवर शेगडीत जाळायच्या लाकडी भुशाच्या गोळ्या कोरड्या राहिल्या तर हिवाळाभर राहा, नाहीतर वळकटी उचल." आत्या, तीन गावांतून उचलून झालेली वळकटी आहे ती. म्हणून ठरवलं, एक वेळ मी भिजेन, पण पोतं भिजणार नाही.

ट्रकवाल्याने सत्तर पोती तळघराच्या जाळीशी उतरवली आणि "पोती तुमची, पाट आमचा" म्हणत पोत्यांखालचा लाकडी फळ्यांचा पाट घेऊन गेला. तळघराच्या जमिनीला तर घाम सुटलेला. एक पोतं तसंच जमिनीवर ठेवून प्रयोग केला. (शाळेत मास्तरांनी मला प्रयोग करू दिले नाहीत, त्याला कारण तो बेडूक, पण ती गोष्ट समोरासमोर सांगेन.) तिसऱ्या दिवशी गोळ्या फुगल्या, पोतं टरकन फाटलं. एर्सिलियाकाकू जाळीतून डोकावली नि म्हणाली, "तुल्यो, हे शेगडीत घालायचं की मक्याची पोलेंटा लापशी म्हणून वाढायचं?"

म्हणजे खाली फळ्या हव्यात. पाद्रीबाबांकडे चर्चची जुनी बाकं मागितली, तर म्हणाले, "बाकं देवाची आहेत, तू त्याला विचार." विचारायचं म्हणून दुपारी डोळे मिटून पडलो आणि त्याच क्षणी झोपायच्या खोलीचं दार करकरलं. आता दार म्हणजे तरी काय? उभी फळी! त्यात आतोबांनी स्वतः केलेली, डोंगरी देवदाराची. कुजायचं नाव नाही.

दोन झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर. चार दारं आडवी केली, खाली विटा, भिंतीपासून वीतभर अंतर, प्रत्येकावर चौदा पोती. न्हाणीघराचं म्हणशील तर आत असलो की मी मोठ्याने गातो, म्हणजे येणाऱ्याला कळतं. (परवा काकू अंडी घेऊन आली तेव्हा मी नेमका दोन कडव्यांच्या मधे श्वास घेत होतो. तेव्हापासून ती अंडी पायरीवरच ठेवते.)

झाली छप्पन्न. उरली तेरा. त्यांचीही सोय केली आहे, तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. कालच्या बर्फातही एकूण एक पोतं खुळखुळ वाजतंय. अट गोळ्यांची होती. दारांबद्दल तू चकार शब्द काढला नव्हतास, हे नम्रपणे नमूद करतो.

हिवाळाभर तुझाच,
तुल्यो

ता.क. येताना एक जाड रजई आण. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद. पांघरायला नको आहे.

ता.ता.क. पिशवीत घराची चावी शोधत बसू नकोस. लागणार नाही.