लाल शाईतला शेरा

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि हल्ली मी तुमच्याच खुर्चीवर बसते. तुरुंगाच्या माफी शाखेत. कैदी सरळ वागला, नेमलेलं काम केलं, की महिन्याला शिक्षेतले काही दिवस कमी. आत मारामारी केली की मिळवलेलेही जातात. आणि तीनदा शिक्षा झालेला असला तर त्याच्या कागदावर लाल शाईनं ‘आदतन’, म्हणजे सराईत, आणि सूट बंद. हे मी नोकरीत नाही, पहाडगंजच्या आपल्या स्वयंपाकघरात शिकले. आई पोळ्या लाटतेय, तुम्ही ओट्याला टेकून ऑफिसचं सांगताय. मी मध्येच म्हणते, "बिचारा!" तुम्ही ताडकन, "बिचारा-बिचारा करू नकोस. कागद वाच. पूर्ण वाच." तेव्हा रडले होते. पण तुमचंच बरोबर होतं, आणि त्याच जोरावर आज मी कुणाला दबत नाही.

गेल्या महिन्यात बेकरीत काम करणारा एक कैदी समोर आला. फरीदाबादचा, लूटमारीत दहा वर्षं. वागणूक चोख, सूट शून्य. "मैडम, आया तीन बार हूँ, मगर बीच वाले केस में बरी हुआ था." मी कागद वाचले. खरंच, मधल्या खटल्यात निर्दोष सुटलेला, शिक्षा दोनच. पण शाखेची जुनी रीत अशी, की आत येण्याची तिसरी नोंद दिसली की शेरा मारायचा. निकाल कोण बघतो! हिशेब केला तर तो गेल्या दिवाळीलाच घरी असायला हवा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण शेऱ्याचं अक्षर तुमचं होतं.

साहेब म्हणाले, "छोड़िए ना, थोड़े ही महीने बचे हैं." मी म्हटलं, "बिल्कुल नहीं, सर." निकालाची प्रत काढवली, तीनदा फाईल परत आली, तीनदा पाठवली. काल तो सुटला. बाहेर त्याची बायको उभी होती.

जाताना त्यानं अगदी शांतपणे विचारलं, "मैडम, वो लिखा किसने था?"

तुम्हाला हे वाचता येणार नाही, म्हणूनच लिहितेय. मी म्हटलं, "पता नहीं, भैया. पुराना है."