अविवाहित कन्येचा अर्ज

आमच्या ठमाबाईला बाबांचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत. हॉस्पिटलच्या लाँड्रीत मी दिवसभर चादरींच्या घड्या घालतो, पण घरचं पांघरूण उचलत नाही, ही तुझ्या आईची तक्रार कायम आहे. मावशीचे गुडघे कसे आहेत? तिच्याकडे राहतेस, तर तिला जिने चढू देऊ नकोस.

काल व्हिसाची कामं बघणाऱ्या, आपल्याकडच्याच एका वकीलबाईंना भेटलो. तुला इथे परदेशी आमच्याकडे कायमचं आणायचा अर्ज ‘अविवाहित मुलगी’ म्हणून केलाय. मंजुरीआधी लग्न झालं, तर तो रद्द. मंजुरी कधी, ते कुणालाच ठाऊक नाही. मी अक्कल पाजळली, “देवळात गुपचूप हार घालू, नोंदणी मागाहून करू. सरकारला कोण अक्षत द्यायला जातंय?”

“काका, मग ती अविवाहित आहे म्हणून सही तुम्ही करणार?” बाई म्हणाल्या. घरी येऊन मी हे तुझ्या आईला सांगितलं.

आई म्हणाली, “पोरीनं मंगळसूत्र लपवायचं, आणि आपण कुठल्या तोंडानं सौभाग्यवती हो म्हणायचं?” मग तुझ्यासाठी मांडलेल्या खाटेवर वाळलेले कपडे पडले होते, ते उचलून तिनं परत तिथेच टाकले.

तुझं ज्याच्याशी ठरलंय, तो मुलगा अजून थांबायला तयार आहे, हा त्याचा चांगुलपणा. पण सरकारच्या सोयीनं तुम्ही केस का पिकवायचे? अर्ज रद्द झाला तर होऊ दे, मावशीला मुहूर्त काढायला सांग.

आम्ही दोघं येऊ. पाठवणी तेवढी उलटी होईल. तू जाशील दोन गल्ल्या पलीकडे, आणि लांबच्या घरी जायला निघतील आई-बाप.

सांभाळून राहा.

तुझे बाबा