शिळ्या विनोदाची बाजू

प्रिय चिमणे,

तुझा फोन आला की आई शेजारी येऊन बसते, आणि हे तिच्यासमोर बोलायचं नाही. म्हणून दुकानात बसून लिहितोय. समोर एका वकिलांचा दुरुस्तीला आलेला जुना सोफा उघडून ठेवलाय.

मागच्या सुट्टीत तू आलीस तेव्हा आई तिची ती जुनी विनोदी मालिका बघत होती. दोन भाग तूही पाहिलेस आणि म्हणालीस, "आई, अगं, सगळे विनोद बायकांवरच! बायको जाडी, बायको कजाग, बायको बिनडोक. तुला हसू येतंच कसं?" तू रागाने बोलली नाहीस, ठाऊक आहे मला. पण त्या दिवसापासून आईने मालिका बंद केली. मी घरी येतो तेव्हा बातम्या लावलेल्या असतात, आणि त्याही ती बघत नाही. म्हटलं, "लाव की तुझं ते." तर म्हणते, "नको हो. पोरगी शिकलेली आहे, तिचं बरोबरच असेल."

तुझं बरोबर आहेच. मीही ती पुन्हा बघितली. बायकोच्या वजनावरचा विनोद आला की आता तोंड कडू होतं. एके काळी त्यालाच आम्ही पोट धरून हसलो, खोटं कशाला बोलू! पण हा सोफा बघ. स्पंजाचा भुगा झालाय, कापड विटलंय. वकील म्हणाले, टाकूनच द्या. मी लाकडावर ठोकून पाहिलं तर खणखणीत. तसंच त्या मालिकेचं आहे. घरमालक भाडेकरूचं कपाट तपासायला आत शिरतो, दार लागतं, आणि तो आतूनच "भिंतीला खिळे मारायचे नाहीत!" असे हुकूम सोडत राहतो. भाडेकरू हात जोडून कपाटालाच विचारतो, "चहा घेणार का?" हे विटलंय असं कोणीही म्हणो, मी मानणार नाही.

आणि आई तर विनोदाच्या आधीच हसते. घरमालकाने कपाटाला नुसता हात लावला की हिचं सुरू. पुढचं ठाऊक असताना कसलं हसू, असं तुला वाटत असेल. अगं, जुनं माणूस दारात दिसलं की चेहरा फुलतो ना, तसं हे हसू. मी रोज सकाळी देवाचं तेच नाव घेतो. ते शिळं झालं, असं मला एकदाही वाटलं नाही.

आमच्या लहानपणी गावात एकच टीव्ही होता, पोस्टमास्तरांकडे. याच मालिकेत मधूनमधून माणसं हसल्याचा आवाज यायचा. ही दुसऱ्या गावांतली माणसं हसताहेत, अशी आमची ठाम समजूत. म्हणजे आपलंही हसू तिकडे पोचत असणार! मग गावाची लाज राखायला आम्ही जिवाच्या आकांताने हसायचो. त्यात सगळ्यांच्या वर माझ्या वर्गातल्या एका मुलीचा आवाज. पोस्टमास्तरीणबाई ओरडायच्या, "अगं ए, छप्पर उडवशील!" मी टीव्हीकडे पाठ करून तिलाच ऐकायचो. पुढे तीच तुझी आई झाली. तेव्हा तिला हसायला ना पोस्टमास्तरीणबाईंची परवानगी लागली, ना आता तुझी लागणार आहे. राग येऊ दे हवा तर.

तिचा घसा बसलाय तो सर्दीने, असं आम्ही तुला सांगितलं. सर्दी नाही ती. स्वरयंत्रात गाठ आहे, आणि ती चांगली नाही. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात, बोलणंही पुढे यंत्राने थोडंफार जमेल. मी विचारलं, आणि हसणं? ते म्हणाले, "हसतील, पण आवाज येणार नाही." तुझी रजा मोडेल म्हणून कळवायचं नाही, असं तिने मला बजावलंय. मी ऐकणार नाही. ऑपरेशनच्या आधी, मंगळवारी दुकान बंद ठेवतोय, आणि मालिका मी स्वतः लावणार आहे, ती नको म्हणाली तरी. तू ये. तिच्या शेजारी बस. तुला हसू आलं नाही तर हसू नकोस. नाटक केलंस तर तिला कळेल. फक्त ती बसक्या आवाजात का होईना, हसायला लागली की काही बोलू नकोस. ऐकून घे.

तुझाच, या वयात हट्टाला पेटलेला,
बाबा