डोळे मिटले की काळोख

मंगळवार, लातूर. दिवेलागण.

कॉम्प्युटरच्या क्लासात सर आजही म्हणाले, "डोळे मिटा. प्रोग्राम चालताना डोळ्यांसमोर दिसला पाहिजे." सगळ्यांनी मिटले, मीही मिटले. काळोख! माझ्या डोळ्यांसमोर कधी काही येतच नाही. आज न राहवून तसं सांगून टाकलं. सर म्हणाले, "मग तुला हे जमणं अवघड आहे, मीरा. टायपिंगच्या बॅचला जा."

खरंच असं असतं का?

मग त्यांनी फळ्यावर नावांची यादी अकारविल्हे लावणारा, पण चुकलेला प्रोग्राम लिहिला. यादीतलं शेवटचं नाव जागेवर लागतच नव्हतं. बाकीचे डोळे मिटून बसले. मी एकेक ओळ मनात बोलत गेले, आकडा कुठं किती झाला ते धरत गेले. एक फेरी कमी पडत होती! उभी राहून सांगितलं. सरांनी दुरुस्त करून चालवलं, यादी नीट लागली.

"कसं दिसलं तुला?"

"दिसलं न्हाई सर. कळलं."

"बस इथंच," सर म्हणाले. टायपिंगचं नावही काढलं नाही.

घरी आईला सगळं सांगितलं, तर ती हबकलीच. "म्हंजे भूकंपात गेलेलं आपलं घरबी तुला दिसत न्हाई?"

"न्हाई. पण दारातून आत गेलं की डावीकडं रांजण, चार पावलांवर चूल, चुलीमागं तुझा आरसा."

आईचा भाकरी थापणारा हात थांबला.

"आरसा मी इसरले होते गं," ती म्हणाली.