शिशाच्या तीन वाटा

सोमवार, ३ मार्च
बॅटरीच्या कारखान्यात बावीस वर्षं शिशाच्या पट्ट्या जुळवतोय. आज सेफ्टीवाल्या बाईंचं लेक्चर. शिसं अंगात तीन वाटांनी शिरतं म्हणाल्या. नाक, तोंड, कातडी. संकल्प: आठवड्याला एक वाट बंद.

मंगळवार, ४ मार्च
मास्क लावला. तासाभरात काढला. कामात माझं नामस्मरण चालू असतं, मास्कमध्ये देवाचं नाव गुदमरतं. त्यापेक्षा श्वासच कमी घ्यायचा. जमतंय.

सोमवार, १० मार्च
आता तोंड. पट्ट्यांमधले पातळ कागद सुटे करायला मी अंगठा जिभेला लावतो. माझ्याइतका झटपट हात कुणाचा नाही. बाई म्हणाल्या, काका, अंगठा चाटू नका. ऐकलं. आता करंगळी लावतो.

शुक्रवार, १४ मार्च
डबा हातातून निसटला. मनगटात जोर नाही. वय झालं.
कातडीचं राहिलंय. बायको म्हणते, कारखान्यातच आंघोळ करा, कपडे बदलून या. मी म्हटलं, तिथल्या कळकट मोरीत आंघोळ करून देवापुढे कसा बसू? घरी आलो की तीन वर्षांची नात दारात धावत येते, शर्टात तोंड खुपसते. सगळा शीण उतरतो. तोवर कपडे तेच असले तर बिघडलं काय?

रविवार, २३ मार्च
पोटात कळ. नातीचंही पोट दुखतंय, जेवत नाही, चिडचिड करते. बायको म्हणाली, अगदी आजोबांवर गेलीय. ऐकून बरं वाटलं.

गुरुवार, २७ मार्च
माझ्या रक्तात शिसं फार निघालं. तपासणीचं मशीन जुनं असेल. बाई म्हणतात, घरच्यांचंही तपासा. घरी कोण पट्ट्या जुळवतं? तरी सून नातीला घेऊन गेलीच.

शनिवार, ५ एप्रिल
नातीच्या रक्तातही शिसं. डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा जिवाला हे फार आहे, डोक्याच्या वाढीवर परिणाम होतो. मग विचारलं, पोरगी कारखान्याजवळ खेळते का?
नाही, बायको म्हणाली. कारखानाच रोज तिच्याकडे येतो.
मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो.

सोमवार, ७ एप्रिल
कारखान्याच्या मोरीत दोनदा साबण लावून आंघोळ केली. धुतलेले कपडे घातले. दारात उभा राहिलो.
नात धावली नाही. आईनं शिकवलंय तिला. लांबूनच हात हलवला.
मीही हात उचलला. मनगट खालीच लोंबत राहिलं.