घंटेची दोरी आणि आपले चिरंजीव

तीर्थस्वरूप दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्याला पट्टी असल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घ्यावा.) आपला रक्तदाब कसा आहे? सकाळची गोळी घेतली असेल तरच पुढे वाचावे. आम्ही उभयता ठीक आहोत, म्हणजे ही ठीक आहे. मी अजून थरथरतोय, ते अक्षरावरून दिसतच असेल.

झालं असं, की या जुन्या बंदरात उतरल्यापासून हिने त्या चर्चचा धोशा लावला होता. शेकडो वर्षांपूर्वीचं चर्च, बंदराच्या अगदी तोंडावर, खाऱ्या वाऱ्याने भिंती खरवडून निघालेल्या. आत शिरलो आणि मी चक्क गप्प झालो. (हिच्या मते, लग्नानंतर प्रथमच.) लांबच लांब लाकडी बाकं, रंगीत काचांमधून फरशीवर सांडलेला उजेड, आणि भिंतीवर बुडालेल्या खलाशांची नावं कोरलेली. ती वाचताना मला आपले चिरंजीव आठवले. पोरगा मोठ्या जहाजावर, सातासमुद्रापार, आणि आपण ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत असता. मी तिथेच हात जोडले नि म्हटलं, आमच्या भाच्याला सांभाळ. इथवर सगळं सुरळीत होतं. मग हिला मनोऱ्यावरून समुद्र बघायची हुक्की आली.

जिना अंधारा, गोल, पायऱ्या झिजून गुळगुळीत. एका वळणावर माझा पाय सटकला आणि हाताला दोरी लागली. जिन्यात लोंबणारी दोरी माणसाने धरायलाच असते, असं कुणालाही वाटेल की नाही? मी तिला सगळा भार दिला. (माझा भार आपणास ठाऊक आहे, आपल्या आरामखुर्चीला तर चांगलाच.) डोक्यावर असं काही घणघणलं, दाजी, की दात हलले. मी सावरायला जावं तितकी ती घंटा जास्तच वाजे. तेवढ्यात चर्चचा राखणदार धापा टाकत वर आला.

"कुठलं जहाज? कुठलं जहाज?"

"जहाज नाही हो, मी पडलोय."

"तुम्ही जहाज आहात का?" तो ओरडला. "समुद्रात कुणी बुडत असेल तरच वाजते ही घंटा!"

खाली येतो तो अख्खं बंदर चर्चच्या दारात. दुकानं उघडी टाकून माणसं धावलेली, होड्या पाण्यात ढकललेल्या. एका बाईने माझी कॉलरच धरली. तिचा नवरा पहाटेच होडी घेऊन गेला होता. "कुणाची होडी? सांगा ना, कुणाची?" एवढंच विचारत होती. दाजी, मला तोंड वर करवेना. बंदरावरचा साहेब म्हणाला, याला चौकीवर न्या. लोकांनी कोंडाळं केलं. आणि त्या गर्दीतून एक माणूस पुढे आला. केस, भुवया, चेहरा, हात, सगळं पांढरंफटक. म्हणाला, "सोडा त्यांना. माझे मामा आहेत."

ही किंचाळली आणि शेजारी उभ्या असलेल्या चर्चच्या फादरांच्या थेट अंगावर कोसळली. बुडाल्याची घंटा वाजते काय, नि समुद्रावरचा भाचा असा पांढरा होऊन समोर उभा राहतो काय! मीही रामराम म्हणू लागलो. तेव्हा ते भूत वाकलं, पाया पडलं, आणि माझ्या पँटवर पंजे उमटले. पीठ होतं, दाजी. समोरच्या बेकरीतलं.

जहाजावर पाऊल ठेवल्यापासून त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या. पहिलं बंदर आलं ते हे. पाव खायला बेकरीत शिरला तो तिथेच राहिला. "बाबांना काय तोंड दाखवू?" म्हणतो. रागावण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं, की त्या पिठाखाली मी त्याला ओळखलं नसतं. तो गुपचूप परत जाऊ शकला असता. मामा अडकलाय हे बघून पुढे आला. नंतर त्या बाईला घेऊन धक्क्यावर गेला आणि तिचा नवरा सुखरूप परत येईपर्यंत तिच्याजवळ उभा राहिला. मीही होतो, जरा मागे.

आपला नम्र,
मेहुणा

ता. क. – अक्काला यातलं अवाक्षर कळू देऊ नये. ती हाय खाईल. आपणच वेळ बघून हळूहळू सांगावं.

आणखी ता. क. – पाकीट चिकटवलं नव्हतं ते बरं झालं. भाचा आत्ता बायकोला घेऊन आला (बेकरीवाल्याची मुलगी, फार गुणी), आणि तिच्या कडेवर एक मुलगी. नाक हुबेहूब आपलं. अंगातलं झबलं अक्काच्या हातचं. मागे अक्का माझ्या मूळव्याधीच्या ऑपरेशनला आमच्याकडे महिनाभर राहिली, असं आपण समजता म्हणे. दाजी, मला मूळव्याध नाही. अक्का इथे सुनेचं बाळंतपण करत होती.

अगदी शेवटचं ता. क. – हिलाही सगळं माहीत होतं. आपल्याला सांगायची कुणाचीच छाती होईना, म्हणून मला इथे आणून भाच्यासमोर उभं करायचं ठरलं होतं. माझ्या पोटात काही राहत नाही, मी आपल्याला लिहिणारच, याची दोघींना खात्री. (घंटा त्यांच्या बेतात नव्हती; हिचं किंचाळून कोसळणं मात्र निव्वळ नाटक होतं.) नातीचं नाव अजून ठेवलेलं नाही; ते आजोबाच ठेवतील, असा अक्काचा हुकूम आहे. तेव्हा आता वाचून झालं असेल तर मागे वळून बघावं. अक्का आपली बॅग भरून दारात उभी असेल.