दोन दारांचे फाटक

मारुंजी,
रविवार, २० जुलै २०२५

ती. आजोबांस,
किमयाचा सा. न. वि. वि.

फोनवर आपल्याला ऐकू येत नाही आणि मी आवाज चढवला की आजीला वाटते नात भांडते आहे. म्हणून हे पत्र. बातमी आनंदाची आहे. मी शाळेची हेड गर्ल झाले! हेड बॉय दहावी ‘ब’चा कान्हू. तो घाटातल्या वरच्या वाडीचा, पण शाळेच्या वसतिगृहात राहतो. आम्ही दोघांनी मेणबत्तीसमोर शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून आपण मुख्याध्यापक असताना घालून दिलेली चाल आमच्याकडे आली. सात पंचावन्नची घंटा झाली की फाटकाचे डावे दार कान्हूने लावायचे, उजवे मी; प्रार्थना संपेपर्यंत उघडायचे नाही. बाहेर राहिलेल्यांना हजेरीत तांबडा शेरा. प्राचार्या सिस्टर रजनी सांगत होत्या की आपली विद्यार्थिनी असताना त्याही दोनदा बाहेर उभ्या राहिल्या होत्या.

अडचण अशी की वाडीची चौदा मुले दत्ताभाऊंच्या जीपने येतात आणि जीप आठ वाजून दहाच्या आत कधी पोचत नाही. त्यांत आठवीतली राणी ही कान्हूची सख्खी बहीण. परवा शुक्रवारी कान्हूने त्याचे दार लावलेच नाही. मी विचारले, तर म्हणाला की हात लई दुखतोय, आणि हसला. चौदाही जण प्रार्थना चालू असताना मान खाली घालून आत आले. सिस्टरांना सांगू, की गप्प राहू? आपण म्हणाल तसे करीन.

आजीला सलाम. माझ्यावरची माया अशीच ठेवावी.

आपली,
किमया

---

संगमनेर,
शनिवार, २६ जुलै २०२५

चि. किमया हिस,
अ. उ. आ. प्रभूची शांती तुजबरोबर असो.

तुझ्या निवडीची वार्ता वाचून आम्हा उभयतांचे अंतःकरण भरून आले. तुझ्या आजीने, आशालताबाईंनी, ते पत्र शेजारी नेऊन दाखवले. आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. जो नियम पाळावयाची शपथ घेतली, तो आप्तासाठी वाकवणे हे शपथेचे उल्लंघन होय. तो मुलगा मनाने चांगला दिसतो. म्हणूनच त्याला वेळीच सावरले पाहिजे. सिस्टरांना सांग.

हा नियम मी लहरीने केलेला नव्हता. शास्त्रातील दहा कुमारिकांचा दाखला तुला पाठ आहे. वराच्या स्वागतास पाच शहाण्या दिव्यांत तेल घेऊन आल्या, पाच मूर्ख तेल आणावयास मागे गेल्या. तेवढ्यात वर आला, आणि लग्नघराचे दार लावून घेण्यात आले. जो सिद्ध नाही त्याच्यासाठी दार थांबत नाही, हे मुलांना रोज डोळ्यांनी दिसावे म्हणून ते फाटक.

प्रकृतीस जप. तुझे कुशल वरचेवर कळवीत जावे, म्हणजे आम्हांस चैन पडेल.

तुझा आजोबा,
दयानंद

---

मारुंजी,
बुधवार, १३ ऑगस्ट २०२५

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

आपल्या सांगण्याप्रमाणे मी सिस्टरांना सांगितले. कान्हूचा बिल्ला आठवडाभरासाठी काढून घेतला गेला. फाटक पुन्हा वेळेवर लागू लागले. पण राणीचे तांबडे शेरे भरले, घरी चिठ्ठी गेली आणि तिचे वडील म्हणाले की आता शाळा पुरे, शेतावर हात हवेत. गेला आठवडाभर तिचा बाक रिकामा आहे. आजोबा, हे माझ्यामुळे झाले.

मी कान्हूला म्हटले की मला वाडीवर यायचे आहे. तो म्हणाला की म्याडमच्या बुटांना चिखल लागंल. तरी बाबांची परवानगी काढून रविवारी त्याच्याबरोबर गेले आणि मुक्काम केला. राणीच्या आजीने, गोजराबाईंनी, दारातच विचारले की तूच व्हय ती फाटकवाली? मग मला भाकरी वाढली आणि वाढता वाढता ऐकवले की ही पोर अंधारात उठून पानी भरती, दुधाच्या किटल्या सडकेपातूर न्हेती, मंग जीपला लटकती, अन् तुमी म्हनता आळशी हाय. आळशी असे मी कधी म्हटले नव्हते, पण तांबडा शेरा तेच म्हणत होता.

कान्हू संध्याकाळीच वसतिगृहात परतला; सोमवारी मी मुलांच्या त्याच जीपने आले. घाट उतरेपर्यंत जीप वेळेवर होती. चौकात मात्र माणच्या आयटी पार्ककडे जाणाऱ्या मोटारींनी वीस मिनिटे अडवली. त्यांत एक मोटार बाबांची होती!

फाटकाशी पोचलो तो आठ वाजून अकरा. बिल्ला त्याच दिवशी परत मिळालेला कान्हू आत उभा होता. माझेही दार त्यानेच लावले होते. गजांतून म्हणाला की नियम म्हंजे नियम, म्याडम. मला राग आला आणि हसूही आले. बाहेरून प्रार्थनेचे शब्द ऐकू येत नाहीत, आजोबा. नुसते शेवटचे ‘आमेन’ येते.

आणखी एक. दहावीच्या एकत्र वर्गात सिस्टरांनी आपला तो दाखला समजावला, तेव्हा कान्हूने उभे राहून विचारले की नवरदेवच लेट आला व्हता ना, मग त्याला कुणी का बोललं न्हाई? वर्ग हसला. सिस्टर हसल्या नाहीत.

आम्ही दोघे मिळून सिस्टरांकडे गेलो. त्या म्हणाल्या की नियम गुरुजींचा आहे, गुरुजींनी सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही. राणीचे वडील गणपती विसर्जनापर्यंत थांबायला तयार आहेत, पुढे नाही. म्हणून हात जोडून विचारते, हा नियम आपण बदलू द्याल का?

रागावलात तरी पत्र लिहायचे थांबू नये.

आपली,
किमया

---

संगमनेर,
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

चि. किमया हिस,
अ. उ. आ.

तुझे पत्र आले त्या दिवशी मी त्या मुलावर रागावलो. त्याचे खंडन करावे म्हणून शास्त्र उघडले, चष्मा पुसला, आणि खंडन करावयास काही उरले नाही. तिथे स्वच्छ लिहिले आहे: वराला उशीर झाला होता, आणि शहाण्या व मूर्ख अशा दहाही जणी त्याच्यासाठी थांबल्या होत्या. चाळीस वर्षे मी हा दाखला शिकवला. प्रत्येक वेळी माझे बोट लावलेल्या दारावर जाऊन टेकले, त्या उशिरावर कधी थांबले नाही. एका पोराला ते पहिल्या श्रवणात दिसले.

शिवाय या मुलांच्या दिव्यात तेल कमी नाही. त्यांच्याइतके तेल माझ्याही दिव्यात कधी नव्हते. अडली ती वाट. मी नियम केला तेव्हा चौकात बैलगाडीखेरीज काही अडत नसे. काळ बदलला, फाटक बदलले नाही, आणि दोष माझ्या पदरी आला. तुला चुगलीचा मार्ग मीच दाखवला. त्याबद्दल कान्हूची क्षमा मी मागतो, तूही माग. हे वाचून तुझ्या आजीने विचारले की मुख्याध्यापकांना आता किती वेळ बाहेर उभे करायचे.

सिस्टर रजनींसाठी सोबत पत्र आहे. नियमातून त्यांना मी मोकळे केले आहे. परंतु केवळ मी म्हटले म्हणून फाटक उघडले, तर तोही माझाच हुकूम ठरेल. तुम्ही दोघांनी नवी व्यवस्था बांधा, ती पालकांपुढे मांडा, आणि त्यांचे मन वळवा.

निकाल लगेच कळव. वाट पाहण्याची सवय मला आता लावून घ्यावयाची आहे.

तुझा आजोबा,
दयानंद

---

वसतिगृह, मु. पो. मारुंजी, ता. मुळशी,
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

आदरणीय गुरुजींना,
कान्हूचा नमस्कार.

किमया म्हणली की तू बोलतोस तसंच लिही, गुरुजींना चालंल. तुमी क्षमा मागितली ते वाचून मला लाज वाटली. मी पण दोन्ही दारं लावून तिच्यावर डाव साधलाच व्हता, तवा फिटंफाट.

काल पालकांची सभा झाली. मी तीन आठवडे जीपची रोजची वेळ वहीत लिहून ठेवली व्हती. किमयानं वेळापत्रक बनवलं. आठला वर्ग भरायचा, आधी वीस मिनिटं वाचन, आठ-वीसला प्रार्थना. फाटक उघडं. शाळा सुटायची वेळ तीच, म्हणून हापिसवाल्यांचं काय बी नुकसान न्हाई. जीपवाली पोरं वाचन दुपारच्या सुट्टीत भरून काढणार, हे त्यांनीच कबूल केलं.

एक साहेब उठले अन् म्हणले की चौदा पोरांसाठी सगळी शाळा का हलवायची? मी वही उघडणार, तेवढ्यात किमयाचे बाबा उभे राहिले. म्हणले की त्या चौकात जीपला आडवी लागलेली गाडी माझी हाय, माझा हात वर. मग लई हात वर झाले. सिस्टरांनी मोजायचं सोडून दिलं.

आज आमी दोघं वाडीवर जाऊन आलो. बापानं वेळापत्रक उलटंपालटं करून बघितलं. आजीनं ते हातातनं काढून घेतलं अन् राणीला म्हणली की दप्तर कुटं ठेवलंस, काढ. राणी उद्यापासून येतेय!

आठ सप्टेंबरला मारिया मातेचा जन्मोत्सव, आपल्या शाळेचा सण. तुमी याच. पण मोटारीनं न्हाई, आमच्या वाडीवरनं जीपनं यायचं. आजीनं सांगितलंय की फाटक करणाऱ्याला बघायचंय.

तुमचा,
कान्हू

---

संगमनेर,
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

चि. किमया आणि चि. कान्हू यांस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. गुडघे अजून त्या जीपची आठवण काढतात. पायाशी दुधाची किटली, मांडीवर कुणाचे तरी दप्तर, आणि दत्ताभाऊंनी प्रत्येक वळणावर मला धरून बसा म्हणून दिलेली ताकीद! गोजराबाईंनी आदल्या दिवशी वाडीवर मला नखशिखान्त न्याहाळले आणि म्हणाल्या की मानूस तर बरा दिसतोय. इतके मोठे प्रशस्तिपत्र मला निवृत्तीच्या वेळीही मिळाले नव्हते.

सणाची गर्दी असल्याने चौक त्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक तुंबला होता. आठ-वीस जीपमध्येच झाले. आठ-पंचवीस झाले. मी घड्याळाकडे पाहत होतो, आणि या वयात प्रथमच मला बाहेर उभे राहण्याचे भय वाटले.

आठ-एकतीसला उतरलो. एका दाराशी किमया, दुसऱ्याशी कान्हू, आणि दोन्ही दारे सताड उघडी. मैदानावर सारी शाळा रांगांत उभी. वेदीवरची मेणबत्ती अजून पेटवलेली नव्हती. मी सवयीने घाईघाईने पाऊल उचलले, तर माझ्यामागून जीपमधून उतरलेल्या राणीने माझा हात धरला आणि म्हणाली की पळू नका, गुरुजी, ती समदी थांबल्यात.

किमया, कान्हू, मी आयुष्यभर वेळेवर पोचलो. कुणी माझ्यासाठी थांबले आहे, हे त्या दिवशी प्रथमच पाहिले. मग राणीने मेणबत्ती लावली आणि प्रार्थना सुरू झाली. मला त्या प्रार्थनेचा पहिला शब्द ऐकू आला, या कानांना!

तुमची आजी विचारते की पुढच्या वर्षी जीपमध्ये दोन जागा मिळतील का. तेवढे दत्ताभाऊंना विचारून कळवावे, आणि या म्हाताऱ्यासाठी अंतःकरणाचे दार असेच उघडे ठेवावे.

तुमचा आजोबा,
दयानंद